मागं टांगलेला नवाकोरा टायर

चाकण,
9 मे

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा मामीचा फोन आला. मला वाटलं, लग्नाचे फोटो पाठवायचे असतील. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "तुये आई-बाबा पोचले तवा पंगती उठल्या होत्या वं. दोन घंटे उन्हात उभे होते बिचारे." कुठं उभे होते, कशासाठी, हे तिच्याकडून मला एकेक करून काढून घ्यावं लागलं. आणि त्याच रात्री तुम्ही दोघांनी मला फोनवर काय सांगितलं होतं? "लग्न चांगलं झालं, रस गोड होता." बस.

आई, तुझा बीपीचा त्रास, वर ऐन मे महिना. नांदोरीच्या पुढं त्या रस्त्यावर दुपारी सावली म्हणून काही नसते, ट्रक तेवढे अंगावरून जातात. तुला भोवळ आली असती तर? पण रागावण्यासाठी हे लिहीत नाही. रागवायचं असतं तर फोन केला असता. फोनवर गाडीचा विषय निघाला की बाबा "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. पत्र मात्र ते चष्मा लावून दोनदा वाचतात आणि सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवतात, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र.

मामीनं सांगितलं ते असं, की पुढच्या टायरमध्ये खिळा गेला. ते कोणाच्याही नशिबी येतं. बाबांनी ड्रायव्हरला स्टेपनी लावायला लावली, आणि पाच-सहा किलोमीटरवर ती स्टेपनीच साइडनं फाटली. खरा घात तिथं झाला. बाबा, त्यात थोडी चूक माझीही आहे. दिवाळीला गाडी धुताना मी त्या टायरवरचे आकडे वाचले होते. तुम्हाला म्हटलंही होतं, हा बदलायला झाला. तुम्ही म्हणालात, "काऊन बदलायचा? नवाकोरा हाय तो. एक किलोमीटर चालला नाई." नक्षी खरंच शोरूममधल्यासारखी होती, आणि मीही पुढं वाद घातला नाही. घालायला हवा होता.

ते आकडे असे वाचायचे. टायरच्या बाजूवर इंग्रजीत डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे. आपल्या स्टेपनीवर होते 3814. म्हणजे 2014 सालचा अडतिसावा आठवडा. (एका बाजूला नाही सापडले तर दुसऱ्या बाजूला पाहायचे, कधी कधी ते आतल्या अंगाला जातात.) गाडी घेतल्यापासून चालते चार टायर तुम्ही दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा हा तसाच मागं टांगलेला राहिला, कारण तो "वापरलाच नाही". साधारण नियम असा की टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून बघून घ्यायचा, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असू दे, काढून टाकायचा. स्टेपनीसुद्धा यातून सुटत नाही.

आई, हे बाबांपेक्षा तुला लवकर कळेल. तुझ्या लग्नातला जांभळा शालू आठव. पेटीत डांबरगोळ्या घालून किती जपला होतास. ताईच्या लग्नात काढला तर घड्यांवर उभा चिरत गेला. तू तेव्हा म्हणालीस, "नेसली असती तं टिकला असता." अगदी तेच टायरचं आहे, आणि ही नुसती उपमा नाही. रबरात कंपनी एक प्रकारचं मेण आणि औषध मिसळते. टायर रस्त्यावर फिरतो, दबतो, सुटतो, तसं ते आतून हळूहळू वर येतं आणि त्याचा पातळ थर रबराला हवेपासून वाचवतो. जो टायर कधी फिरतच नाही, त्याचं हे तेल-पाणी होत नाही.

माझ्या कामातलं सांगते. आमच्याकडं गाडीच्या दाराच्या रबरी पट्ट्या तपासतात. पट्टी तिच्या लांबीच्या 20 टक्के ताणून एका पेटीत लावायची, पेटीत 40 अंश उष्णता आणि थोडा ओझोन वायू सोडायचा, आणि काही दिवसांनी भिंगातून तडे गेलेत का पाहायचं. गंमत अशी की न ताणता ठेवलेल्या पट्टीला सहसा काही होत नाही. ताण असेल तरच ओझोन रबराला चिरतो, तोही ताणाच्या आडवा. आता बघा, स्टेपनी रिकामी लटकते असं आपल्याला वाटतं. पण तिच्यात हवा भरलेली, म्हणजे ती रात्रंदिवस ताणलेलीच आहे. ओझोन नेहमीच्या हवेतही थोडा असतोच. आणि आमच्या पेटीत 40 अंश, तर आपल्या अंगणात मेअखेरच्या नवतप्यात 45. जी परीक्षा आम्ही मुद्दाम घेतो ती तुम्ही अकरा उन्हाळे फुकटात घेतलीत.

त्यात भर तुमच्या टिनाच्या शेडची. कापसाची गंजी मागं असते म्हणून बोलेरो पूर्ण आत जात नाही. बोनेट सावलीत, ढुंगण बाहेर. आणि शेडचं तोंड पश्चिमेला! दुपारी एकपासून दिवस बुडेपर्यंतचं सगळं ऊन एकट्या स्टेपनीवर. रबरात काजळी घालतात, म्हणून तर टायर काळा असतो. ती काजळी उन्हातला मारक भाग शोषून घेते. पण तिनं तरी किती शोषावं? माणसांना तुम्ही उन्हातून आल्या आल्या गूळपाणी देता, कुलरमध्ये वाळा घालता. गाडीला एवढंच करा: उलटी लावा. मागची बाजू शेडच्या आत, तोंड बाहेर. गल्लीतून रिव्हर्स घ्यायला त्रास होतो हे मला माहीत आहे, समोर बंड्या उभ्या असतात. तरी संध्याकाळी एकदाच करायचंय. यात पैसा लागत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

कव्हरचं. जुनं काळं रेक्झिन फाटलं म्हणून तुम्ही काढून फेकलं. नवं काळं घेऊ नका, ते उन्हात तापतं. पांढऱ्या जाड कॅनव्हासचं शिवून घ्या. तालुक्याला ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारा बसतो तो करून देईल. खालच्या बाजूला दोन भोकं ठेवायला सांगा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचून रिम गंजेल. आणि बाबा, निवडणुकीचं उरलेलं फ्लेक्स गुंडाळायचं तुमच्या मनात येईल, मी ओळखून आहे. आपल्या गावात ढेपेच्या पोत्यापासून मोटारीच्या पेटीपर्यंत सगळ्यावर कोणता ना कोणता उमेदवार हात जोडून उभा आहे. स्टेपनीला तरी सोडा.

दसऱ्याचं मात्र थोडं कडक बोलते. पूजेच्या आदल्या दिवशी तुम्ही टायर चमकावेत म्हणून जळकं ऑइल आणि डिझेल चिंधीनं फासता. दिसतात छान, आठवडाभर. पण डिझेल रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं, आणि वरचा तो मेणाचा थर पुसला जातो तो वेगळाच. दिवाळीला स्टेपनीवर बोट फिरवलं तर काळं चिकट लागलं होतं, आणि रिमच्या कडेजवळ केसासारख्या बारीक चिरांचं जाळं. नखानं दाबलं की त्या तोंड उघडत होत्या. साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा, वर हळद-कुंकू लावा. देवाला चमक लागत नाही.

हवेचं तर कोणीच बघत नाही. टायर नुसता टांगून ठेवला तरी महिन्याला एक-दोन पौंड हवा झिरपून जाते. त्या दिवशी स्टेपनीत किती होती देव जाणे. ड्रायव्हरनं लाथ मारून पाहिली असेल, तेवढंच. कमी हवेचा टायर फिरताना बाजूनं जास्त दबतो, तापतो, आणि चिरलेलं रबर तिथंच सोडतं. म्हणून डिझेल भरायला जाल तेव्हा पाचव्या टायरचीही हवा बघायला सांगा. दारावरच्या स्टिकरवर आकडा आहे, त्याहून तीन-चार पौंड जास्तच ठेवा. लागेल तेव्हा कमी करता येते, रस्त्यात भरता येत नाही.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. स्टेपनी हा शब्द आपण घरचाच असल्यासारखा वापरतो, तो वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या एका रस्त्याचं नाव आहे. तिथं डेव्हिस नावाच्या भावांनी 1904 साली जादा चाकाचा धंदा काढला. तेव्हा मोटारी जादा चाकाशिवायच विकायचे. आता चक्र उलटं फिरतंय. आपल्याकडं 2020 पासून, ट्यूबलेस टायर, हवा सांगणारं यंत्र आणि पंक्चर काढायचं साहित्य गाडीत असेल तर लहान गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. पण ते शहरातल्यांचं. खांबाड्याच्या अलीकडं भर दुपारी ते साहित्य घेऊन कोण बसणार!

मी हे आत्ताच का लिहितेय, तर आईनं सांगितलं की जूनमध्ये शिर्डीला जायचं ठरतंय, समृद्धीवरून. नांदोरीच्या रस्त्याला गाडी साठच्या वेगात होती म्हणून निभावलं. समृद्धीवर कारला 120 ची मुभा आहे, आणि तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास सरळ पळायचं आहे. जुना टायर तिथं फाटला तर दोन तास उन्हात उभं राहण्यावर भागणार नाही. तुम्ही ऐंशीच्या वर जाऊ देत नाही हे मान्य, पण ड्रायव्हर तुमचं ऐकतो आणि आरशात तुमचा डोळा लागलाय का तेही बघतो.

तर नवीन टायर घ्या, पाच हजार पाठवले आहेत. कमी पडले तर कळवा, "राहू दे, आहेत" म्हणू नका. दुकानात आधी ते चार आकडे वाचा. दोन-तीन वर्षं गोदामात पडून राहिलेला नवा म्हणून गळ्यात मारतात. आणि नवा मागं टांगू नका. तो चालत्या चाकांत लावा, आणि तिथला बऱ्यापैकी एक स्टेपनीला टाका. पुढं दर दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं फिरवून घेत जा. आपली पाचही एकाच मापाची आहेत, त्यामुळं अडचण नाही. नव्याचा वापर होऊ द्या हो एकदा! आई, तुलाही सांगते, मागच्या वर्षीचं आकाशी पातळ अजून घडीत आहे.

फाटलेला टायर बंडीला किंवा ट्रॉलीला लावायचा विचार डोक्यातून काढा. कोणाला विकूही नका, तो घेणारा तुमच्यासारखाच फसेल. त्याला खालून चार भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून डास होतील, आणि शेडच्या टिनावर चढवा. मागच्या वादळात दोन टिनं उडून शेजारच्या वावरात गेली होती. तिथं वजन म्हणून बसू द्या, आणि आता खुशाल ऊन खाऊ द्या.

मी 20 तारखेला येते. येताना हवा बघायचं गेज आणते.

तुमची,
लहानी