सुटे कोणत्या चलनात परत मिळतील : काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका यांस,
सादर नमस्कार.

कॅरिबियन बेटांचा आमचा क्रूझ प्रवास आटोपून आम्ही गेल्या आठवड्यात पुण्यास सुखरूप परतलो. निघण्यापूर्वीच्या त्या रविवारी आपण मला आपल्या जेवणाच्या टेबलापाशी बसवून चलनाचा जो हिशेब समजावून सांगितलात, त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून अखेरच्या रात्रीपर्यंत झाला. जिन्यात भेट झाल्यावर दोन शब्द बोलून त्यातून मोकळे होणे मनाला पटेना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या परवानगीने ते सर्वांना वाचता येईल असे ठेवले आहे, कारण कोणते चलन न्यावे या प्रश्नापाशी माझ्यासारखे अडलेले पुण्यात आणखीही कितीतरी जण असतील.

आपल्याकडे येण्याआधी मी शहरातील दोन करन्सी काउंटरांवर जाऊन आले होते. पहिल्या ठिकाणी, तिकडे सगळीकडे डॉलरच चालतो असे सांगून माझ्यापुढे शंभर-शंभर डॉलरच्या नोटा ठेवण्यात आल्या. दुसऱ्या ठिकाणी यादीत मार्टिनिकचे नाव दिसताच फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधी भरून ठेवायच्या कार्डावर, सगळी रक्कम युरोमध्येच भरण्याचा आग्रह झाला. बार्बाडोसच्या ब्रिजटाउनहून निघून कॅस्ट्रीज (सेंट लुशिया), फोर-द-फ्रान्स (मार्टिनिक), सेंट जॉर्जेस (ग्रेनेडा) आणि बासेतेर (सेंट किट्स) करून पुन्हा ब्रिजटाउनला यायचे, म्हणजे बंदरे पाच आणि जहाज धरून चलने चार, हे त्या दोघांपैकी कोणीही मला सांगितले नाही. रात्री मी आणि माझे यजमान वही घेऊन बसलो, पण आकडे काही केल्या जुळेनात.

आपण मात्र मला कोणतेही चलन सुचवण्याआधी दिनदर्शिकेचे जुने पान उलटे करून त्यावर पेन्सिलीने चार रकाने आखलेत. पहिल्यात बेट, दुसऱ्यात तेथील चलन, तिसऱ्यात त्याचा अमेरिकन डॉलरशी भाव, आणि चौथ्या रकान्यावर आपण 'सुटे' एवढेच लिहिलेत. मी विचारले तेव्हा आपण म्हणालात, "ते काय घेतील हे विचारू नकोस. घेणारा काहीही घेतो. आपण बंदी नोट दिल्यावर उरलेले पैसे तो कशात परत देईल, ते विचार." बँकेच्या विदेशी चलन विभागात आपण उभे आयुष्य घालवले आहे, आणि त्या सगळ्या अनुभवाचे सार आपण मला या दोन वाक्यांत दिले, असे मी मानते. संपूर्ण प्रवासात ज्या ज्या ठिकाणी पैसे काढायची वेळ आली, तेथे मी आधी मनातल्या मनात तो चौथा रकाना पाहिला.

बार्बाडोसचा डॉलर १९७५ पासून अमेरिकन डॉलरला दोन या भावाने बांधलेला आहे, त्यामुळे तेथे किंमत अर्धी केली की काम भागते. सेंट लुशिया, ग्रेनेडा आणि सेंट किट्स या तिन्ही ठिकाणी मात्र पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, ज्याला तिकडे सगळे 'ईसी' म्हणतात. त्याचा भाव १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा ठरलेला आहे आणि त्याआधी तो ब्रिटिश पौंडाशी बांधलेला होता, हे सांगताना आपल्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला अजून आठवतो. सहा स्वतंत्र देश आणि दोन ब्रिटिश प्रदेश मिळून एकच चलन व एकच मध्यवर्ती बँक चालवतात, आणि त्या बँकेचे मुख्यालय आमच्याच मार्गावरच्या बासेतेरमध्ये आहे, हेही आपण सांगितले होते. तेथे उतरल्यावर बाकीची मंडळी किल्ला पाहायला गेली. आम्ही दोघांनी मात्र आधी आपल्यासाठी त्या इमारतीचे छायाचित्र काढले.

मार्टिनिकच्या बाबतीत मी हट्टाने म्हणत होते की चारही बाजूंना डॉलर चालत असताना मधल्या एका बेटावर तो चालणार नाही हे कसे शक्य आहे. आपण वाद घातला नाहीत. कपाटातून दहा युरोची एक जुनी नोट आणि भिंग घेऊन आलात, आणि नोटेच्या मागच्या बाजूला युरोपच्या नकाशाखाली असलेल्या बारीक चौकटी दाखवल्यात. तिळाएवढ्या त्या ठिपक्यांत फ्रेंच गयाना, ग्वादलूप आणि रियुनियन यांच्या शेजारी मार्टिनिकही होते. हे बेट फ्रान्सचाच भाग आहे आणि म्हणून त्याचे चलन युरो आहे, ही गोष्ट मी पुस्तकात दहा वेळा वाचली असती तरी भिंगातून पाहिल्यावर जितकी पक्की झाली तितकी झाली नसती. फोर-द-फ्रान्सच्या बाजारात आमच्या जहाजावरचे एक जोडपे कॉफीच्या पैशांसाठी डॉलर पुढे करून उभे होते आणि दुकानदार मान हलवत होता. त्यांचे आठ युरो आम्ही आमच्या पाकिटातून दिले आणि त्यांनी ते संध्याकाळी जहाजावर डॉलरमध्ये परत केले.

नोटांची वाटणी हा आपल्या शिकवणीचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. दोघांसाठी रोख ६०० डॉलर घ्यायचे ठरल्यावर आपण त्याचे तुकडे पाडून दिलेत : एक डॉलरच्या ४० नोटा, पाचच्या २४, दहाच्या २० आणि वीसच्या १२, शंभरची एकही नाही. काउंटरवरच्या माणसाला हे मुळीच रुचले नाही आणि एक डॉलरच्या नोटा जमवायला त्याने दोन दिवस मागून घेतले. नोटा हाती आल्यावर आपण त्या ट्यूबलाइटखाली एकेक करून पाहिल्यात, शिक्का उठलेल्या तीन आणि कोपरा फाटलेली एक अशा चार नोटा बाजूला काढल्यात, आणि त्या त्याच दिवशी बदलून आणायला मला परत पाठवलेत. तेव्हा मला तो फेरा जड वाटला होता, हे आज कबूल करते.

आता ग्रेनेडाच्या बाजारातील प्रसंग सांगते, म्हणजे त्या नोटांचे काय झाले ते आपल्याला कळेल. त्या देशाच्या ध्वजावरही जायफळ आहे आणि सेंट जॉर्जेसच्या मंडईत मसाल्यांचा वास वळणावरूनच येऊ लागतो. एका वयस्क बाईंच्या पाटीत टरफलासकट जायफळे आणि वेगळी काढलेली लाल जायपत्री मांडलेली होती. पुडीची किंमत त्यांनी वीस सांगितली. आपण शिकवल्याप्रमाणे मी लगेच विचारले, वीस कोणते? त्या म्हणाल्या, ईसी. माझ्या पुढे उभ्या असलेल्या पर्यटकाने शंभर डॉलरची नोट काढली होती. ती त्यांनी हातातही घेतली नाही, कारण तेवढे सुटे त्यांच्या डब्यात दिवसभरातही जमत नसावेत. त्यांनी डॉलरचा भाव २.७० न धरता अडीच धरला. मी एक डॉलरच्या आठ नोटा मोजून त्यांच्या हातावर ठेवल्या आणि व्यवहार बरोबर वीसवर मिटला. परत घेण्यासारखे काही उरलेच नाही. अडीचच्या भावामुळे माझे साठ सेंट गेले असतील, परंतु वीस डॉलरची नोट दिली असती तर तीस ईसी हातात आले असते आणि पुण्यात ते कोणी वटवून दिले नसते.

कॅस्ट्रीजला नेमके उलट घडले. धक्क्यावरच्या टॅक्सीवाल्याने चाळीस सांगितले आणि विचारल्यावर ते अमेरिकन निघाले. ईसी समजून बसलो असतो तर उतरताना भांडण ठरलेले होते. माझे निरीक्षण असे की जहाजाच्या धक्क्यापाशी आकडा अमेरिकन डॉलरमध्ये सांगतात आणि मंडईत स्थानिक चलनात. तरीही बसण्याआधी किंवा घेण्याआधी विचारून घेणे हाच आपला नियम बरा. ब्रिजटाउनला सरकारी बसचे भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर होते आणि बसमध्ये सुटे परत देत नाहीत, हे कळल्यावर आम्ही आधी एका दुकानात पाणी घेऊन वीस डॉलरची नोट मोडली. आलेले बार्बाडोस डॉलर बेट सोडण्याआधी तेथेच संपवले, कारण पुढच्या बेटावर त्यांना कोणी विचारत नाही.

जहाजावरचा खर्च डॉलरमध्ये खात्यावर पडतो आणि रोख रकमेचा प्रश्न येत नाही. त्या खात्याला फॉरेक्स कार्ड जोडू नकोस, क्रेडिट कार्ड जोड, असे आपण बजावले होते, कारण जहाज रोज थोडी रक्कम अडवून ठेवते आणि फॉरेक्स कार्डावरची आपली भरलेली शिल्लक त्यात अडकून पडते. शेजारच्या केबिनमधील कुटुंबाचे तसेच झाले आणि त्यांना तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर कार्ड वापरता आले नाही. आम्ही अखेरच्या संध्याकाळी उरलेल्या डॉलरच्या नोटा स्वागतकक्षात भरून बिल तेवढे कमी करून घेतले. त्यामुळे क्रेडिट कार्डावर लागणारे जादा शुल्कही तेवढ्या रकमेपुरते वाचले. मार्टिनिकच्या उपाहारगृहात कार्डाच्या यंत्राने रुपयांत पैसे घेऊ का असे विचारले, तेव्हा माझ्या यजमानांचे बोट होकाराकडे निघाले होते. मी त्यांना थांबवून युरो निवडले. रुपयांचा तो सोयीचा दिसणारा भाव यंत्रामागची कंपनी स्वतःच्या फायद्याने लावते, हे आपले वाक्य मला ऐन वेळी आठवले.

नियमांविषयी आपण जे सांगितलेत ते थोडक्यात येथे नोंदवते, म्हणजे वाचणाऱ्यांना उपयोग होईल. एका प्रवासासाठी रोख परकीय चलन ३,००० डॉलरपर्यंत नेता येते आणि बाकीची रक्कम कार्डावर न्यावी लागते. चलनाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की काउंटरवर रोख रुपये चालत नाहीत, बँकेतूनच पैसे द्यावे लागतात. एक लाख रुपयांच्या चलनावर वस्तू व सेवा कर १८० रुपये पडतो, त्यामुळे पावतीवर त्याहून मोठा आकडा दिसला तर विचारणा करावी. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत जमा करावे लागते. २,००० डॉलरपर्यंतची रक्कम मात्र स्वतःपाशी ठेवता येते. आमच्याजवळ ३५ युरो उरले आहेत आणि ते मी आपल्या सांगण्याप्रमाणे पावतीसह पाकिटात घालून ठेवले आहेत.

ही सगळी माहिती मला इतरत्रही तुकड्यातुकड्यांनी मिळाली असती. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला आठ दिवस राहिले असताना आपण सलग तीन तास माझ्यासाठी नोटा आणि आकडे डोळ्यांजवळ धरून बसलात, आणि काकूंनी दोनदा हाक मारूनही चौथा रकाना पूर्ण झाल्याशिवाय जेवायला उठला नाहीत, हे दुसरे कोणी केले नसते. दिनदर्शिकेचे ते पान प्रवासभर माझ्या पासपोर्टच्या पाकिटात होते. त्याच्या घड्या आता फाटत आल्या आहेत, म्हणून त्याला मागून कागद चिकटवून घेतला आहे.

ग्रेनेडाची जायफळे काकूंसाठी आणली आहेत. बासेतेरला पाण्याच्या बाटलीचे सुटे म्हणून आलेली ईसीची तीन नाणी मात्र कोठेच वटणार नाहीत. ती आपल्यासाठी ठेवली आहेत. पट्टी सुटली आणि डॉक्टरांनी वाचण्याची परवानगी दिली की रविवारी घेऊन येते, म्हणजे त्यांवरची अक्षरे आपल्याला स्वतः भिंगातून पाहता येतील.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरील शेजारीण
कोथरूड, पुणे