मायनर लीगच्या खेळाडूंची क्रमवारी कशी मांडावी

मा. संपादक,
स. न.

आपल्या क्रीडा पुरवणीत अमेरिकेतील पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाच्या दहा उदयोन्मुख खेळाडूंची क्रमवारी वाचली. मी गेली अनेक वर्षे पिट्सबर्गमध्ये राहते आणि दर उन्हाळ्यात सुमारे दोन तासांच्या अंतरावरील अल्टूना येथे पायरेट्सच्या मायनर लीग संघाचे सामने पाहायला जाते. त्यामुळे एका मराठी वृत्तपत्राने मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या खालच्या स्तरावर घाम गाळणाऱ्या मुलांची दखल घ्यावी, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र यादीत प्रत्येक नावासमोर क्रमांक आणि गेल्या मोसमातील आकडे एवढेच होते. तेवढ्यावरून वाचकांचा गैरसमज होण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून हे पत्र.

मेजर लीगमधील प्रत्येक संघाच्या हाताखाली पूर्ण मोसम खेळणारे चार संघ असतात. पायरेट्सचा तरुण खेळाडू साधारणपणे फ्लोरिडातील ब्रेडेंटन येथून ग्रीन्सबरोला, तेथून अल्टूनाला आणि शेवटी इंडियानापोलिसला पोहोचतो. या प्रत्येक पायरीवर समोरचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, अधिक कसलेला असतो आणि मैदानेही सारखी नसतात. ग्रीन्सबरोच्या मैदानाची सीमा इतकी जवळ आहे की अन्यत्र झेल ठरणारा फटका तेथे होमरन, म्हणजे थेट सीमापार, होतो, तर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरील न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीच्या विरळ हवेत चेंडू सहज दूर जातो. म्हणून ग्रीन्सबरोला धडाधड होमरन मारणाऱ्या मुलाचे आकडे अल्टूनाला उतरले, तर त्याचा खेळ बिघडला असे लगेच म्हणता येत नाही. बाद होण्याचे त्याचे प्रमाण वाढले का आणि वाईट चेंडू सोडून देण्याचा संयम टिकला का, हे आधी पाहावे लागते.

याहून महत्त्वाचे आहे वय, आणि आपल्या यादीत नेमका त्याचाच उल्लेख नव्हता. एकाच लीगमध्ये सारखीच सरासरी राखणारे दोन फलंदाज असतील, एक १९ वर्षांचा आणि दुसरा २४ वर्षांचा, तर जाणकारांच्या लेखी त्यांची तुलनाच होत नाही. पायरेट्सने २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवोदित खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, नवव्या क्रमांकावर घेतलेला कॉनर ग्रिफिन हा मिसिसिपीतील शाळकरी मुलगा त्याचे ठळक उदाहरण आहे. त्याची चपळाई आणि ताकद सर्वांना दिसत होती. त्याची बॅट चेंडूला पुरेशा सातत्याने लागेल का, याविषयी मात्र निवड होण्यापूर्वी अनेक स्काउटांना, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना, शंका होती. २०२५ मध्ये, व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्याच मोसमात, त्याने तीन स्तर ओलांडले, ०.३३३ ची सरासरी राखली, २१ होमरन मारले आणि ६५ बेस चोरले, म्हणजे फटका लागण्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला. अल्टूनाला मी त्याला पाहिले तेव्हा १९ वर्षांचा हा मुलगा आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या पिचरांसमोर उभा होता, आणि मला सर्वांत लक्षणीय वाटला तो त्याने न मारता सोडलेला चेंडू.

स्काउट खेळाडूचे मोजमाप २० ते ८० या पट्टीवर करतात. ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी दर्जा, आणि त्यापुढचे किंवा मागचे प्रत्येक १० गुण म्हणजे संख्याशास्त्रातील एक प्रमाण विचलन. चेंडूला बॅट लावण्याचे कौशल्य, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण या पाच गुणांना वेगवेगळे अंक मिळतात, आणि तेही दोनदा: आजचा दर्जा आणि पुढे गाठता येईल असा दर्जा. या दोहोंतील अंतर किती, हाच मूल्यमापनाचा गाभा आहे. ६० दर्जाची ताकद असूनही चेंडूला बॅट लावण्याचे कौशल्य ३५ वर अडकले, तर ती ताकद सरावात दिसते, सामन्यात क्वचितच उतरते. शिवाय मैदानावरील जागेचाही हिशेब करावा लागतो, कारण शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला, उत्तम क्षेत्ररक्षणाच्या बळावर जी मध्यम फलंदाजी चालून जाते, ती पहिल्या बेसवरच्या खेळाडूला चालत नाही.

हे सारे एका क्रमांकात कोंबले की काय होते, ते पाहावे. कोणत्याही एका संघाच्या यादीत पहिल्या आणि दुसऱ्या खेळाडूमध्ये दोन दर्जांचे अंतर असू शकते, उलट सहाव्यापासून पंधराव्यापर्यंतचे खेळाडू जवळजवळ एकाच पातळीचे असू शकतात आणि त्यांचा आपापसातील क्रम बऱ्याचदा यादी करणाऱ्याच्या आवडीवर ठरतो. म्हणून खेळाडूंचे गट पाडावेत आणि क्रमांक गटाच्या आत दुय्यम ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

अनिश्चितता तर अनुभवी माणसांच्या निर्णयांतही असते. पायरेट्सने २०१२ मध्ये मार्क अपेल या पिचरला आठव्या क्रमांकावर निवडले. त्याने करार नाकारला आणि तो स्टॅनफर्ड विद्यापीठात परतला. पुढच्या वर्षी ह्यूस्टन ॲस्ट्रोजने त्याला अगदी पहिल्या क्रमांकावर घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये ॲरन जज ३२ व्या क्रमांकावर न्यूयॉर्क यँकीजकडे गेला. २०२२ मध्ये जजने ६२ होमरन मारून मेजर लीगच्या दोन शाखांपैकी (अमेरिकन आणि नॅशनल) अमेरिकन लीगचा विक्रम केला, आणि त्याच वर्षी अपेल, मधली काही वर्षे खेळ सोडून परतल्यानंतर, वयाच्या ३० व्या वर्षी मेजर लीगमध्ये प्रथमच उतरला. अपेल गेल्याच्या बदल्यात पायरेट्सला २०१३ मध्ये नववी निवड मिळाली आणि त्यातून ऑस्टिन मेडोज आला. २०१८ च्या जुलैअखेरीस मेडोज, टायलर ग्लॅस्नो आणि पुढे शेन बाझ असे तिघे टँपा बे रेजला देऊन पायरेट्सने ख्रिस आर्चर हा पिचर घेतला. तो व्यवहार पिट्सबर्गमधील प्रेक्षक आजही दुःखाने आठवतात. आपल्याच मुलांचे मोल आपल्याला कळले नाही, ही त्यांची खंत मला रास्त वाटते.

पिचरांच्या बाबतीत खांदा आणि कोपर यांचा भरवसा देता येत नसल्याने धोका आणखी वाढतो. पॉल स्कीन्ससारखा खेळाडू, जो २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला आणि २०२४ च्या मे महिन्यात मेजर लीगमध्ये येऊन त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तो अपवाद आहे. येथे आणखी एक खुलासा करते. मेजर लीगमध्ये १३० फलंदाजीच्या संधी किंवा ५० इनिंगची पिचिंग ओलांडली की खेळाडू सर्वसाधारणपणे उदयोन्मुख खेळाडूंच्या यादीतून बाहेर पडतो. म्हणजे स्कीन्ससारखे नाव वर गेल्यामुळे संघाची यादी दुबळी दिसू लागली, तर ते त्या संघाच्या यशाचे लक्षण आहे, घसरणीचे नव्हे.

भारतीय वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरणही पायरेट्सच्याच इतिहासात आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या, वेगाने चेंडू फेकण्याच्या भारतातील एका स्पर्धेतून पुढे आलेल्या, दोन भालाफेकपटूंना पायरेट्सने करारबद्ध केले. बेसबॉल कधीही न खेळलेल्या या मुलांकडे फेकीचा वेग होता, पण पाच गुणांपैकी तो एकच. दिनेशचा करार २०१० मध्ये संपला. रिंकू २०११ मध्ये मायनर लीगच्या ‘ए’ श्रेणीपर्यंत पोहोचला आणि नंतर दुखापतीने अडला. इतर मुले लहानपणापासून जे शिकतात, ते या दोघांनी काही महिन्यांत आत्मसात केले, आणि त्यांचे मूल्यमापन करताना आरंभबिंदूचा हा फरक धरायला हवा होता. त्यांना ‘अपयशी’ म्हटलेले वाचले की मला वाईट वाटते.

म्हणून माझी विनंती अशी, की यापुढे अशी यादी छापताना प्रत्येक खेळाडूचे वय, तो खेळत असलेला स्तर, त्याचा आजचा व संभाव्य दर्जा आणि मेजर लीगमध्ये पोहोचण्याचे अपेक्षित वर्ष द्यावे. त्यासाठी जागा कमी पडत असेल, तर दहाऐवजी पाचच खेळाडू घ्यावेत.

आपली,
एक नियमित वाचक
पिट्सबर्ग, अमेरिका