माझी नोकरी आणि बाबांची गुडघ्याची गोळी

पुणे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बँकेच्या सॉफ्टवेअरची नोकरी मी का नाकारली, हे परवा फोनवर धड सांगता आलं नाही. आई, तू म्हणालीस, "कॉम्प्युटरचंच काम ना, मग पगार जास्त तिथे जावं." फ्लॅटचे हप्ते मलाही दिसतात, तेव्हा तुझं म्हणणं मी उडवून लावत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

हॉस्पिटलात डॉक्टर आता केसपेपरऐवजी स्क्रीनवर औषध लिहितात. ते तिथून फार्मसीत जातं आणि मग वॉर्डातल्या सिस्टरच्या यादीत येतं. हा औषधांचा भाग आमची टीम करते. त्यातल्या गोष्टी ऐकायला बारीक वाटतील. डोस १ मिलिग्रॅम असेल तर आम्ही '१.०' कधीच दाखवत नाही, कारण तो टिंब नजरेतून सुटला की एकाचे दहा होतात. अर्धा मिलिग्रॅम मात्र '०.५' असाच, आधीच्या शून्यासकट. नुसतं '.५' लिहिलं तर पाच वाचलं जाऊ शकतं. एका टिंबासाठी आम्ही अख्खी दुपार वाद घातलेला आहे, आणि तो घालायलाच हवा होता.

साखरेचंच बघा. बाबा, तुमची उपाशीपोटीची साखर १२६ आली तर तीच ब्रिटनमधल्या रिपोर्टवर ७ दिसेल. तिथलं एकक वेगळं, आपल्या आकड्याला १८ ने भागायचं. आणि एचबीएवनसी हीसुद्धा साखरेचीच तपासणी, तिचाही आकडा ७ असू शकतो, पण तो टक्क्यांत. आमचं सॉफ्टवेअर तिकडच्या हॉस्पिटलांतही चालतं, त्यामुळे एकक आणि तपासणीचा कोड सोबत नसलेला नुसता आकडा आम्ही आत घेतच नाही. या कोडना लॉइंक म्हणतात. रक्तातल्या साखरेचा २३४५-७ मला आता आपल्या पिनकोडसारखा पाठ आहे.

नवीन मुलं टीममध्ये आली की मी त्यांना आधी थेराक-२५ ची हकीकत सांगते. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं ते कॅनडातल्या कंपनीचं मशीन. १९८५ ते १९८७ मध्ये त्याने सहा रुग्णांना प्रमाणाच्या कितीतरी पट किरणं दिली. काही जण त्यातच गेले. टेक्सासमध्ये ऑपरेटरने चुकून किरणांचा दुसरा प्रकार टाइप केला आणि लगेच दुरुस्त केला. हात सरावाचा होता, दुरुस्ती काही सेकंदांत झाली. स्क्रीनवर ती दिसली, पण मशीन आतून बदललेलं नव्हतं. पुढे आला तो फक्त 'मालफंक्शन ५४' असा संदेश. त्याचा अर्थ ऑपरेटरला कोणी सांगितलेलाच नव्हता. आधीच्या मॉडेलमध्ये अशा वेळी किरणं अडवायला वेगळी यंत्रणा होती. नव्यात सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून ती काढून टाकली होती. हे वाचलं तेव्हा मी कॉलेजात होते. या क्षेत्रात यायचं ते तेव्हापासून मनात होतं. बँकेतही चूक चालत नाही, पण चुकून गेलेले पैसे बहुतेक वेळा परत आणता येतात.

सध्या माझ्याकडे दोन औषधं एकमेकांना बाधत असतील तर डॉक्टरांना सावध करण्याचं काम आहे. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला लाल चौकट दाखवली तर डॉक्टर ती न वाचताच बंद करायला लागतात, आणि खरी धोक्याची चौकटही त्यातच जाते. मग कुठे थांबवायचं आणि कुठे नुसती बाजूला टीप द्यायची, हे डॉक्टरांसोबत बसून एकेका जोडीवर ठरवतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि दुखण्यावरची डायक्लोफिनॅक ही जोडी आली की आमचा स्क्रीन थांबवतो. दोन्ही एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

बाबा, हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून तुम्ही वॉरफरिन घेता. आणि आई सांगत होती की गुडघा दुखला की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तुम्ही गोळी आणता, चिठ्ठीशिवाय. ती कोणती हे तिला माहीत नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. दिवसभर मी ज्यासाठी कोड लिहिते ती चौकट त्या दुकानात तुमच्यासमोर येणारच नाही, कारण तिथे तुमच्या बाकीच्या गोळ्यांची यादीच नाही. तुमचा आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा नंबर, काढला तेव्हा तुम्हाला वाटलं, आता सगळं सरकारी कॉम्प्युटरवर आहे. तसं नाही. हॉस्पिटल किंवा लॅबने जोडलेले कागद तिथे दिसतात, तेही तुम्ही संमती दिल्यावर. चिठ्ठीशिवाय घेतलेली गोळी तिथे आपोआप येत नाही, आणि आईचा काढाही नाही.

तेव्हा ती गुडघ्याची गोळी घेण्याआधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. वॉरफरिन मात्र स्वतःहून बंद करू नका. शौचाला काळं झालं किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर माझ्या फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटलात जा. आई, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, काढ्याची पुडी धरून, टेबलावर मांड आणि नावं दिसतील असे फोटो मला पाठव. मी मोठ्या अक्षरांत यादी करून देते. एक बाबांच्या पाकिटात ठेव, एक फ्रिजवर लाव. बाबांची आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती, तपासणी शेवटची कधी झाली तेही कळव. महिना उलटून गेला असेल तर सोमवारीच लॅबमध्ये जाऊन या.

तुमची,
मीनल