टेकडी खुली करताना ती सोलू नका

महोदय,

'टेकडीचा मागचा उतार नागरिकांसाठी खुला' ही कालची बातमी वाचली आणि रात्री झोप लागली नाही.

जागा ताब्यात आली याचा आनंद मला कुणाहून कमी नाही. १९९७ साली २३ गावे पुण्यात आली आणि टेकड्यांवरच्या ९७८ हेक्टरांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण कायम व्हायला २०१५ उजाडले. ८ टक्के टीडीआरवर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या, दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्कावर, जमीन सोडायला कोण तयार होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. इतक्या वर्षांनी एक सबंध उतार हाती आला, म्हणूनच जीव तुटतो.

'संवर्धनाचे काम अंतिम टप्प्यात' असे बातमीत आहे. मी ते काम पाहून आले आहे. जेसीबीने आठ फूट रुंद रस्ता काढला आहे. करवंदीची जाळी मुळासकट उपटून कडेला टाकली आहे. आता पेव्हर ब्लॉक येणार. तिथल्या देखरेख करणाऱ्या तरुणाला विचारले, तर म्हणाला, "आजी, हे तुमच्यासारख्यांसाठीच चाललंय."

मी ६९ वर्षांची आहे. पुढच्या बाजूला असेच ब्लॉक बसवले, तेही ज्येष्ठांच्या सोयीसाठी. गेल्या श्रावणात त्यांवर शेवाळ धरले, माझा पाय सटकला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. केससुद्धा सुनेने विंचरून दिले. त्याआधी तीस वर्षे मी भर पावसात मुरमाच्या पायवाटेने चढत होते, एकदाही पडले नाही. मुरूम पाय धरतो आणि पाणी पितो. ब्लॉकवरून पाणी नुसते धावते आणि कडेची माती कापत जाते. वाटेवर जागोजागी आडवे दगड रोवून पाणी बाजूला काढले की वाट टिकते. हे काम चार माणसे पहार-कुदळीने करतात, त्याला यंत्र लागत नाही.

मधल्या गवताळ सपाटीवर रोपांसाठी खड्डे घेतले आहेत. त्याच जागी एका मे महिन्यात माझ्या यजमानांच्या पायाशी रातव्याची मादी भुर्रकन उडाली. खाली उघड्या जमिनीवर दोन अंडी होती. रातवा घरटे बांधत नाही. आम्ही दोघे तीन आठवडे लांबच्या वाटेने गेलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही तिकडून वळवले. यजमान आता नाहीत. त्या गवतात परवा मी खड्डे मोजले, एकेचाळीस भरले. माळ ही रिकामी जागा नव्हे हो!

संवर्धन करायचेच आहे, तर तिथे कामाला तोटा नाही. घाणेरी हाताने उपटा. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे गवत काढलेले पट्टे, काढा. गिरिपुष्पाच्या दाटीत खाली गवत उगवत नाही, ते टप्प्याटप्प्याने कमी करा आणि तिथे सालई, मेडशिंग, गणेर, पळस येऊ द्या. सगळे एकदम तोडू नका, उतार उघडा पडेल. लोकांना चालायला दोन माणसांपुरती मातीची वाट पुष्कळ झाली.

आणखी एक. बातमीसोबतच्या छायाचित्राखाली आपण 'टेकडीचे देशी वैभव' असे छापले आहे. ती गुलाबी फुले त्याच गिरिपुष्पाची आहेत आणि ते झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. शाळेतली मुले आपला अंक वाचतात. कृपया दुरुस्ती छापावी.

सोमवारी ब्लॉकच्या गाड्या येणार आहेत, असे तो तरुण म्हणाला. त्याआधी आपला बातमीदार पाठवा. रोज सकाळी साडेसहाला मी पायथ्याच्या म्हसोबापाशी असते. मी त्याला सगळा उतार दाखवीन.

– एक वाचक, बावधन, पुणे