दुकानांतील विक्रेत्यांना बसू द्या

महोदय,

लग्नसराई आणि सणासुदीच्या दिवसांत साड्यांच्या, तयार कपड्यांच्या व दागिन्यांच्या मोठ्या दालनांत सकाळपासून रात्री दुकान वाढवेपर्यंत गर्दी असते आणि तिला तोंड देणारे विक्रेते, ज्यांत आता स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, जेवणाची सुट्टी सोडली तर हा सगळा वेळ उभे असतात. दुपारी गिऱ्हाईक नसतानाही त्यांना टेकता येत नाही, कारण काउंटरमागे टेकण्यासारखे काही ठेवलेलेच नसते. सर्व कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याविषयी मोठ्या कंपन्यांत हल्ली कार्यशाळा होतात, ते चांगलेच आहे. पण ही चर्चा दुकानाच्या काउंटरपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.

मी स्वतः कापडाच्या धंद्यात आयुष्य काढले आहे. जुन्या पद्धतीच्या साडीच्या दुकानात पांढऱ्या खोळीची गादी असे. गिऱ्हाईक चपला काढून तिच्यावर बसे, विक्रेताही समोर मांडी घालून बसे आणि बसल्या बसल्याच पदर उलगडून, काठ हातावर घेऊन दाखवी. त्यात कोणाला गिऱ्हाइकाचा अपमान दिसला नाही आणि विक्रीही कमी झाली नाही. पुढे गाद्या जाऊन काउंटर आले आणि विक्रेता उभा राहिला तो कायमचाच. (गल्ल्यावरची खुर्ची मात्र कोणी काढली नाही.) आता कोणी क्षणभर गठ्ठ्याला टेकले, तरी कॅमेऱ्यात तो आळस ठरतो.

पोटऱ्यांच्या शिरा फुगणे, टाचा आणि कंबर दुखणे हे या कामातले नेहमीचे त्रास आहेत. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, तासन्‌तास उभे राहण्याची क्षमता ही या नोकरीची अलिखित अट होऊन बसते. कापडाची उत्तम पारख असलेला पण पायाने अधू असलेला तरुण काउंटरच्या कामासाठी विचारातच घेतला जात नाही. गरोदर स्त्री पाचव्या-सहाव्या महिन्यात आपणहून काम सोडते आणि गुडघे दुखू लागलेल्या पन्नाशीच्या बाईंचा अनुभव दुकानाला हवा असूनही त्या घरी बसतात. यांपैकी कोणालाही मालकाने काढून टाकलेले नसते, त्यामुळे तक्रार करायलाही जागा उरत नाही.

उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे, यासाठी आसनांची सोय करण्याचे बंधन 1948 च्या कारखाने अधिनियमात होते. दुकानांतील विक्रेत्यांना असा हक्क केरळने 2018 मध्ये, तर तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दिला. केरळमधील लढ्यामागे कोझिकोडच्या बाजारपेठेतील स्त्रिया आणि त्यांना संघटित करणाऱ्या पी. विजी होत्या. त्यांची आधीची मागणी स्वच्छतागृहांची होती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण आपल्याकडच्या बाजारपेठांतही अनेक विक्रेत्या दिवसभर पाणी बेतानेच पितात.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये दुकाने व आस्थापनांतील दैनंदिन कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 तास करण्यास मंजुरी दिली. व्यापाऱ्यांच्या अडचणी मला ठाऊक आहेत, त्यामुळे त्या निर्णयाच्या गुणदोषांत येथे शिरत नाही. परंतु उभे राहण्याचा काळ वाढवणाऱ्या शासनाने बसण्याची तरतूदही त्याच कायद्यात स्पष्ट शब्दांत करावी, ही अपेक्षा गैर नाही. जागा नसल्याची सबब फारशी टिकत नाही, कारण घडीचे स्टूल काउंटरखाली सहज मावते आणि त्याची किंमत एखाद्या मध्यम साडीपेक्षाही कमी असते.

अर्थात, केवळ कलम घालून भागणार नाही, कारण स्टूल ठेवूनही त्यावर बसू न देणारे व्यवस्थापक असतातच. म्हणून गिऱ्हाईक नसताना बसल्याबद्दल दंड किंवा पगारकपात करण्यास मनाई असावी आणि व्यापारी संघटनांनी कायद्याची वाट न पाहता आपल्या सभासदांना तसे परिपत्रक काढावे. कामगार विभागाच्या तपासणीतही प्रत्येक मजल्यावर विक्रेते किती आणि त्यांच्यासाठी आसने किती, याची नोंद घेतली जावी.

– एक निवृत्त कापडव्यापारी, पुणे