पावसाळ्यातली बुरशी आणि आपली औषधे

सर्व सभासदांना नमस्कार.

पावसाळ्यात पुण्यातल्या बहुतेक घरांत एखादी तरी भिंत ओल धरते आणि तिच्यावर बुरशी येते. ल्युपस, संधिवात किंवा व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) अशा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांसाठी स्टेरॉइड, मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फमाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ती बुरशी स्वतः खरवडू नये. घरातल्या कोणाला तरी सांगावे आणि तेवढा वेळ खोलीबाहेर थांबावे. कंपोस्टच्या डब्यात अ‍ॅस्परजिलस असतो, कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस; या दोन्ही बुरशीच. तिथेही हाच नियम. (दाणे टाकणाऱ्या शेजाऱ्यांशी भांडून उपयोग होत नाही, अनुभव आहे. बाल्कनीला जाळी लावा.)

काही जणांना डॉक्टर कोट्रायमॉक्साझोल देतात. 'इन्फेक्शन नाही, मग अँटिबायोटिक कशाला?' म्हणून ती गोळी सोडू नका. ती न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून असते.

२०२१ मधला म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आपण विसरलेलो नाही. स्टेरॉइड आणि वाढलेली साखर ही जोडी तेव्हा अनेकांना भोवली. साखर तपासत राहा. चेहऱ्याच्या एका बाजूला सूज वा बधिरपणा, नाकातून काळपट स्राव, अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, खोकला, धाप अंगावर काढू नका. जिभेवर पांढरा थर आला तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा; तीही बुरशी असू शकते.

गजकर्णाला दुकानातले मिश्र मलम लावू नका, त्यात बहुधा स्टेरॉइडच असते. टॅक्रोलिमस (हेही प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) घेणाऱ्यांनी फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी परस्पर घेऊ नये. टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढते. आणि घाबरून स्टेरॉइड एकदम बंद तर मुळीच करू नका.