बाबा, खांब बदलूनच घेऊ या

कोल्हापूर

तीर्थरूप आई व बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, खंडेनवमीला आपली मालवाहू गाडी दारात उभी असावी आणि दरवर्षीप्रमाणे तिची पूजा व्हावी, ही तुमची इच्छा मला ठाऊक आहे. तरीही अपघातात चेपलेल्या केबिनचे काम त्या मुदतीत उरकून घेऊ नये असे मला वाटते. फोनवर हे अर्धवट सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. आई, तूही ते वाच, कारण शेवटी दोघांनी मिळूनच निर्णय द्यायचा आहे.

तवंदी घाटाच्या उतारावर पुढचा ट्रेलर अचानक थांबला आणि त्याच्या मागच्या कोपऱ्याने आपल्या गाडीची क्लीनरकडची बाजू आत दाबली, एवढे तुम्हांला ड्रायव्हर काकांकडून कळलेच आहे. त्यांच्या गुडघ्याचे टाके निघाले असून ते आता आधाराशिवाय चालतात. गाडी शिरोलीजवळच्या गॅरेजमध्ये आणल्यावर मिस्त्रींनी पत्र्याला हातही न लावता आधी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, तपासली, आणि त्यामुळेच त्यांच्यावर माझा विश्वास बसला. गाडी सपाट कोब्यावर उभी करून त्यांनी चेसिसच्या दोन्ही लांब तुळयांवरच्या समोरासमोरच्या भोकांतून ओळंबे सोडले, ओळंब्याची टोके जिथे आली तिथे जमिनीवर खडूने फुल्या मारल्या आणि गाडी ढकलून बाजूला केल्यावर त्या फुल्यांमधले कर्ण टेपने मोजले. चेसिस तिरकी झाली असती तर एक कर्ण लांब आणि दुसरा आखूड आला असता. आपल्या गाडीचे कर्ण मागपर्यंत जुळले. फक्त बंपर जिथे बसतो ते डावीकडचे टोक दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत गेले होते.

ते टोक त्यांनी साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून, न तापवता, सावकाश सरळ केले. गॅसची ज्योत लावली असती तर काम लवकर झाले असते, पण चेसिसचे लोखंड तापवले की त्या जागी त्याची ताकद कमी होते आणि पुढे भरल्या गाडीला तिथेच चीर पडण्याची भीती राहते. कमान (स्प्रिंग) चेसिसला जिथे टांगलेली असते त्या हँगरपाशी चीर गेली असेल अशी मला शंका होती. मिस्त्रींनी ती जागा घासून स्वच्छ केली, रॉकेल लावून पुसली आणि वरून खडूची पूड चोळली. चीर असती तर आत मुरलेले रॉकेल पांढऱ्या पुडीतून रेघ होऊन वर आले असते. पूड कोरडीच राहिली. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतरही सारखे भरले. बाबा, म्हणूनच गाडी भंगारात देण्याचा विचार आपण मनातून काढून टाकावा असे मी म्हणते. आपल्या टाटा १६१३ ट्रकचे इंजिन अजून चांगले आहे, चेसिस सरळ आहे, आणि जे मोडले आहे ते सारे बांधून घेता येण्यासारखे आहे.

खरा प्रश्न केबिनचा आहे. क्लीनरकडचा चेपलेला पत्रा उचकटल्यावर आतला पुढचा खांब उघडा पडला. वरच्या अर्ध्या भागात लाकूड चांगले होते, नुसते तडकले होते; पण काचेच्या खालच्या कोपऱ्यापासून पायरीपर्यंत ते काळे पडून भुसभुशीत झाले होते. मिस्त्रींनी पेचकस टेकवला तर तो दाब न देताच आत शिरला, आणि जुने स्क्रू बोटांनी ओढले तरी निघून येत होते. काचेच्या रबरातून पावसाचे पाणी वर्षानुवर्षे झिरपून पत्र्याच्या आड साचत राहिले असणार. बाहेरून रंग चकचकीत असल्यामुळे हे कोणाच्याही लक्षात येण्यासारखे नव्हते. ट्रेलरचा कोपरा नेमका तिथे लागला आणि खांबाने काहीही अडवले नाही. त्या रात्री क्लीनर सोबत नव्हता, सीट रिकामी होती. तो मुलगा तिथे बसलेला असता तर काय झाले असते, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो आणि माझा आग्रह त्यातूनच आला आहे.

आता मार्ग दोन आहेत. तडकलेला खांब ओढून जागेवर आणायचा, कुजलेल्या भागाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून बोल्ट मारायचे, वरून पत्रा ठोकायचा आणि लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरून रंग द्यायचा, हा पहिला मार्ग. त्याने गाडी दसऱ्याच्या आत नक्की मिळेल आणि दिसेलही छान. पण कुजलेल्या लाकडात बोल्ट धरत नाही. दार त्याच खांबाच्या बिजागऱ्यांवर टांगलेले असते आणि पुढची काचही त्याच्याच आधाराने बसते. भरलेली गाडी खाचखळग्यांतून जाताना चेसिसला जो पीळ पडतो तो केबिनपर्यंत पोहोचतोच, आणि खांब ढिला असला की दार आधी लोंबते, मग काच कोपऱ्यातून तडकते. दुसरा मार्ग म्हणजे काच, डॅशबोर्ड आणि दार उतरवून खांब मुळापासून काढायचा, खालची आडवी फळीही बदलायची, चेसिसवर केबिन जिथे टेकते तिथले रबर नवे घालायचे आणि मग दाराच्या मापाने चौकट जुळवून पत्रा चढवायचा. याला वेळ जास्त लागेल आणि खंडेनवमी हुकेल. मी याच मार्गाच्या बाजूची आहे.

खांबासाठी लोखंडी चौकोनी पाइप वापरावा की साग, यावरही बोलणे झाले. पाइप स्वस्त पडतो, पण बाकीचा सांगाडा लाकडी असताना मध्येच एक लोखंडी खांब घातला तर सांधे लवकर खिळखिळे होतात असा मिस्त्रींचा अनुभव आहे, आणि मला तो पटतो. त्यामुळे सागच घ्यावा, तोही पूर्ण वाळलेला. जुन्या बाजारातून अख्खी केबिन आणून बसवावी असे दादाने सुचवले होते. पण त्या केबिनच्या पत्र्याआड काय दडले आहे हे आपल्याला कसे कळणार?

विम्याचे गणितही सांगून ठेवते. सर्व्हेअर येऊन पाहून गेले. गाडी दहा वर्षांवरची असल्यामुळे बदललेल्या लोखंडी आणि लाकडी भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापला जाईल. रबर आणि प्लॅस्टिकवरही ५० टक्केच. काचेवर मात्र घसारा नसतो आणि मजुरीवरही तो लागत नाही. मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत बंपर, हेडलाइट, मडगार्ड आणि रंग हे जादा हप्ता भरल्याशिवाय धरले जात नाहीत, आणि आपल्या पॉलिसीत ती जोड नाही, म्हणून तो खर्च आपलाच आहे. खांबाच्या तडकलेल्या भागाचे पैसे मिळतील. कुजलेल्या भागाचे मिळणार नाहीत, कारण कूज आणि गंज ही अपघाताची हानी धरली जात नाही. विमा देत नाही म्हणून तेवढा भाग तसाच ठेवावा, हे मला मान्य नाही. दुरुस्तीचा आकडा विमाकृत किमतीच्या ७५ टक्क्यांच्या बराच आत आहे, त्यामुळे गाडी पूर्ण बाद ठरवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. गाडीची दरवर्षीची फिटनेस तपासणी काही महिन्यांवर आली आहे, तेव्हा चौकट पक्की केलेली असणे तिथेही उपयोगी पडेल.

दार मात्र जुनेच ठेवायचे आहे. त्याचा पत्रा हल्ली मिळणाऱ्या दारांपेक्षा जाड आहे आणि मिस्त्री तो आतून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून बाहेरून हलक्या हातोडीने उठवत आहेत. ताणून फुगलेल्या जागी ते रुपयाएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवतात आणि लगेच ओले फडके दाबतात, तेव्हा पत्रा आकसून बसतो. हे काम मी बराच वेळ उभी राहून पाहिले. जेवढा पत्रा हातोडीने बसेल तेवढी लांबी कमी लागते, आणि जाड लांबी गाडीच्या हादऱ्याने तडकून आत पाणी घेतेच. तुम्ही जुनी गाडी बघायला गेलात की पत्र्यावर चुंबक फिरवून पाहत असा, कारण लांबी जाड असेल तिथे तो धरत नाही. या कामावर रंग चढण्याआधी मीही तो फिरवणार आहे. उघड्या पत्र्याला, आतल्या बाजूनेसुद्धा, प्राइमर द्यायचा आणि काचेच्या खाली पाणी निघून जायला वाट ठेवायची, हे मी लिहून दिले आहे.

रेडिएटरची जाळी बदलून झाली असून तो पाण्यात बुडवून तपासला आहे. वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा सोडलेल्या असतात.

आई, काचेवरची तुझ्या नावाची पाटी शाबूत आहे. ती उतरवून मी घरी आणली आहे. पेंटर तिला नुसती कडेने नवी रेघ मारणार आहे, अक्षरांना हात लावणार नाही.

बाबा, साग आणण्यासाठी मिस्त्री तुमच्या होकाराची वाट पाहत आहेत, तेव्हा पत्र मिळताच दादाकडून निरोप पाठवा. खंडेनवमीला मी गॅरेजमध्येच गाडीला हार घालीन. आपट्याची पाने घेऊन दसऱ्याला घरी येते, त्या वेळी मिस्त्रींनी काढलेला खर्चाचा कागद सोबत आणीन.

तुमची लेक